शोधगंगेतली परिशिष्टे

शोधगंगा हे भारतीय विद्यापीठांच्या पीएच.डी. प्रबंधांचे खुले भांडार आहे. त्यात पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत आणि ते वाचायला ना ओळखपत्र लागते, ना शुल्क, ना कोणाची शिफारस. भांडाराची व्यवस्था गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र पाहते. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये इन्फ्लिबनेट सुरू केले तेव्हा तो पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र केंद्राच्या छत्राखालचा एक प्रकल्प होता, १९९६ मध्ये त्याचे स्वतंत्र केंद्र झाले.

शोधगंगेपूर्वी प्रबंधाचे आयुष्य फार छोटे असे. मार्गदर्शक आणि परीक्षक तो वाचत, तोंडी परीक्षा होई आणि कापडी बांधणीची प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात कुलूपबंद कपाटात जाई. ती घरी मिळत नसे, बहुतेक ठिकाणी झेरॉक्सलाही मनाई असे. नागपूरला झालेले काम पाहायचे तर कोल्हापूरच्या संशोधकाने नागपूर गाठायचे. असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज स्वीकृत प्रबंधांच्या याद्या छापत असे, पण यादीतून विषय कळे, मजकूर नाही. म्हैसूर विद्यापीठाने ‘विद्यानिधी’ या नावाने प्रबंध संगणकावर आणण्याचा प्रयत्न आधी केला होता. तिथे प्रबंध देण्याची सक्ती नव्हती.

सक्ती आली २००९ मध्ये. आयोगाच्या त्या वर्षीच्या नियमांनी पदवी जाहीर झाल्यापासून तीस दिवसांत प्रबंधाची संगणकीय प्रत देणे विद्यापीठांना बंधनकारक केले. २०१६ च्या नियमांनी आणखी एक पाऊल टाकले: प्रत आधी, पदवीची घोषणा नंतर. भांडार एवढे वाढले ते या नियमांच्या जोरावर. ज्ञान खुले असावे हे सर्वांनाच मान्य असते. प्रत मात्र नियम आल्यावरच पोहोचते.

भांडार चालते डीस्पेस या मुक्त सॉफ्टवेअरवर. ते अमेरिकेतील एमआयटी आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी मिळून तयार केले आणि २००२ मध्ये खुले केले. शोधगंगेतली एखादी नोंद उघडली की आधी शीर्षक, संशोधक, मार्गदर्शक, विषयाचे कळीचे शब्द, विद्यापीठ, विभाग आणि पूर्ण झाल्याची तारीख दिसते. प्रत्येक नोंदीला एक कायमचा दुवा असतो, म्हणजे संकेतस्थळाची रचना बदलली तरी जुन्या लेखातला संदर्भ तुटत नाही. त्याखाली प्रबंधाचे तुकडे येतात: मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, मग एकेक प्रकरण, निष्कर्ष, संदर्भसूची आणि परिशिष्टे, प्रत्येकाची वेगळी फाइल. मंद इंटरनेटवर एकच प्रकरण उतरवून घेणाऱ्याला ही रचना सोयीची आहे. तळटिपा प्रकरणाखाली न देता शेवटी एकत्र दिल्या असतील तर मात्र दोन फाइली शेजारी उघडून बसावे लागते.

विषयांची व्याप्ती थक्क करणारी आहे. संस्कृत व्याकरणाशेजारी पॉलिमर रसायन, एखाद्या जिल्ह्यातील वनस्पतींच्या नोंदीशेजारी सहकारी साखर कारखान्यांच्या ताळेबंदांचा अभ्यास. इंग्रजीखेरीज मराठी, हिंदी, संस्कृत, गुजराती, कन्नड, तमिळ अशा अनेक भाषांत हे प्रबंध लिहिलेले आहेत. सगळेच उत्तम नाहीत. कित्येकांत पहिली दोन प्रकरणे ठरीव साच्याची असतात आणि निष्कर्ष आधीपासून माहीत असलेले. पण अशा मध्यम प्रबंधाच्याही परिशिष्टात अस्सल माल सापडतो. लोकसाहित्याच्या अभ्यासकाने गावोगाव फिरून उतरवलेल्या ओव्या, बोलीच्या अभ्यासातील शब्दसूची, भूगोलाच्या प्रबंधातील आठवडी बाजारांचे तक्ते, विहिरींच्या पाणीपातळीची मोजमापे, मुलाखतींच्या प्रश्नावल्या. मार्गदर्शकाने फारसे न पाहिलेली, परीक्षकाने चाळून सोडलेली ही पाने कुठल्याही प्रकाशकाने छापली नसती. ती जपली गेली, हीच शोधगंगेची सर्वांत मोठी कमाई म्हणायला हवी.

खुलेपणाचा धाक उचलेगिरीलाही बसला. प्रबंध कोणीही पाहू शकतो म्हटल्यावर जुन्या प्रकरणांवर नवे नाव घालणे धोक्याचे झाले. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी साम्याचे टप्पे ठरवले: दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही, चाळीसपर्यंत सुधारित प्रबंध, साठपर्यंत वर्षभर बंदी आणि त्यापुढे नोंदणीच रद्द.

मात्र ही तपासणी आणि साधा शोध या दोन्हींना मराठी प्रबंधांपाशी अडखळावे लागते. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी टंकलेखन वेगवेगळ्या कंपन्यांच्या फाँटांत होत असे. अशा फाइलीत पडद्यावर ‘ओवी’ दिसते, पण साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. फक्त त्यांना देवनागरीचा पेहराव चढवलेला असतो. डीस्पेस फाइलीतला मजकूर काढून त्याची सूची बनवते, तेव्हा त्याच्या हाती ही निरर्थक चिन्हेच लागतात. टाइप केलेल्या जुन्या प्रबंधांची गोष्ट आणखी सरळ आहे: पाने स्कॅन केलेली, म्हणजे नुसती चित्रे; अक्षरओळख करून घेतली नसेल तर शोधण्याजोगा एकही शब्द त्यांत नाही. ज्या परिशिष्टांसाठी हे भांडार मोलाचे, नेमकी तीच शोधाच्या खिडकीतून दिसत नाहीत.

राहते ती वरची नोंद, आणि ती विद्यापीठातील ग्रंथालय कर्मचारी भरतो. त्याला प्रबंधाचा विषय ठाऊक असेलच असे नाही. मराठी शीर्षक कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत येते आणि रोमनमध्ये ‘कादंबरी’चे स्पेलिंग जो तो आपल्या कानाप्रमाणे करतो. आडनावांचेही तेच. कळीच्या शब्दांच्या जागी कधी नुसते ‘मराठी साहित्य’ असते. म्हणून मुरलेला वाचक शोधाच्या चौकटीवर विसंबत नाही; विद्यापीठ, मग विभाग, मग वर्ष अशा वाटेने याद्या चाळत जातो. वेळ लागतो, पण माल सापडतो.

जुने फाँट युनिकोडमध्ये बदलणारी साधने उपलब्ध आहेत, देवनागरीची अक्षरओळखही बरीच सुधारली आहे. काम अवघड नसून मोठे आहे आणि त्याला माणसे हवीत. रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार हमखास चुकतात, बोलीभाषेतला मजकूर तर डोळ्यांखालून घालावाच लागतो. शब्दसूचीत एक मात्रा हलली तर शब्दच बदलतो.

२००९ पूर्वीचे प्रबंध हा वेगळाच प्रश्न. सक्ती नव्या प्रबंधांना आहे. जुने स्कॅन करण्यासाठी विद्यापीठांना अर्थसाहाय्याची योजना आली, पण किती मागे जायचे हे ज्या त्या विद्यापीठाच्या उत्साहावर राहिले. त्यामुळे एका विभागाचे अनेक दशकांपूर्वीचे काम घरबसल्या वाचता येते, तर शेजारच्या विभागाची यादी अगदी अलीकडे सुरू होते. जे स्कॅन झाले त्यातही काही ठिकाणी पाने तिरकी आहेत, घडीचे नकाशे अर्धेच आले आहेत. टंकलेखनाच्या पातळ कागदावरच्या प्रती ठिसूळ होत चालल्या आहेत आणि अनेक प्रबंधांची विद्यापीठाबाहेर दुसरी प्रत नाही.