पूरसंरक्षक बांधांचे नूतनीकरण आणि मत्स्यस्नेही उदंचन केंद्र : नेदरलँड्समधील अनुभव

प्रस्तावना

नदीच्या पुरापासून संरक्षण म्हटले की प्रथम बांधाचा विचार होतो. परंतु सखल प्रदेशात बांध हे संरक्षणाचे निम्मेच काम करतो. बांधाने नदीचे पाणी बाहेर थोपवून धरले तरी आत पडलेल्या पावसाला आणि जमिनीखालून झिरपणाऱ्या पाण्याला बाहेर पडण्यास वाट उरत नाही. ते पाणी उपसून नदीत टाकावे लागते आणि त्यासाठी बांधाच्या कडेला उदंचन केंद्र उभारावे लागते. ऱ्हाईन, मास आणि स्केल्ड्ट या तीन नद्यांच्या मुखाशी वसलेल्या नेदरलँड्समध्ये अशी हजारो केंद्रे आहेत. देशाची सुमारे एक चतुर्थांश भूमी समुद्रसपाटीखाली असल्याने त्यांच्यावाचून तेथील शेती आणि नगरे टिकणे शक्य नाही. गोव्यातील खाजण शेतीत बांधाला ठेवलेल्या मानशीतून ओहोटीच्या वेळी पाणी आपोआप बाहेर पडते. पोल्डर या नावाने ओळखली जाणारी डच भूमी मात्र बाहेरच्या पाण्यापेक्षा बहुतेक ठिकाणी कायमच खाली असते, त्यामुळे तेथे ही नैसर्गिक सोय उपलब्ध नाही.

१९९३ आणि १९९५ मध्ये ऱ्हाईन व मास नद्यांना मोठे पूर आले. १९९५ मध्ये सुमारे अडीच लाख लोकांना स्थलांतर करावे लागले. यानंतर नदीकाठच्या बांधांचा प्रश्न नव्याने ऐरणीवर आला. २०१७ पासून लागू झालेल्या मानकांनुसार बांधामागे राहणाऱ्या कोणत्याही व्यक्तीचा पुरात मृत्यू होण्याची वार्षिक शक्यता एक लाखात एकाहून अधिक असू नये, आणि हे उद्दिष्ट २०५० पर्यंत गाठावयाचे आहे. त्यासाठी दीड हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे बांध मजबूत करावे लागणार आहेत. बांध खोदला जातो तेव्हा त्यातील उदंचन केंद्राचाही विचार करावा लागतो. माशांच्या दृष्टीने हा क्षण निर्णायक ठरतो, कारण एकदा बसविलेला पंप पुढील काही दशके बदलला जात नाही.

पंपातून जाणारा मासा

उदंचन केंद्राला डच भाषेत 'खेमाल' म्हणतात. हा शब्द 'मालेन' म्हणजे दळणे या क्रियापदापासून आला आहे. पूर्वी पाणी उपसण्याचे काम पवनचक्क्या करीत असत, म्हणून पाणी 'दळले' जाते असा वाक्प्रचार रूढ झाला. माशांच्या बाबतीत तो दुर्दैवाने शब्दशः खरा ठरला.

सर्वसाधारण अक्षीय पंपात इम्पेलर, म्हणजे पाती असलेले चाक, नळीत वेगाने फिरते आणि पाणी वर ढकलते. पाण्याबरोबर आलेल्या माशाला तीन प्रकारची इजा संभवते. पात्याचा प्रत्यक्ष आघात होतो, पाते आणि नळीची भिंत यांमधील फटीत शरीर चिरडते, किंवा दाब एकाएकी बदलल्याने वाताशय फुटतो. कमी उंचीवर पाणी चढविणाऱ्या पोल्डरच्या पंपांत पहिल्या दोन इजा अधिक महत्त्वाच्या आहेत.

आघाताची शक्यता किती, याचे गणित जर्मनीत फॉन राबेन यांनी १९५७ मध्ये जलविद्युत टर्बाइनच्या संदर्भात मांडले होते. त्याचे मर्म एका ढोबळ उदाहरणाने स्पष्ट होईल. चार पात्यांचे चाक मिनिटाला ३०० फेरे घेत असेल, तर एखाद्या ठिकाणाहून सेकंदाला २० पाती जातात. दोन पात्यांमधील अंतर ०.०५ सेकंद होते. पाणी सेकंदाला ३ मीटर वेगाने जात असल्यास तेवढ्या वेळात ते १५ सेंटीमीटर पुढे सरकते. म्हणजेच १५ सेंटीमीटर लांबीच्या, सरळ जाणाऱ्या माशाची एका पात्याशी गाठ ठरलेली, आणि ७० सेंटीमीटरच्या माशाची चार-पाच पात्यांशी. आता चाकाचे क्षेत्रफळ दुप्पट केले, पाती तीन ठेवली आणि फेरे १२० वर आणले, तर तेवढेच पाणी निम्म्या वेगाने जाते आणि दोन पात्यांमध्ये २५ सेंटीमीटर अंतर मिळते. १५ सेंटीमीटरचा मासा दहापैकी चार वेळा सुटेल. ७० सेंटीमीटरच्या माशाची मात्र अजूनही जवळजवळ तीन पात्यांशी गाठ पडेल.

गती कमी करणे हा उपाय लांब माशापुरता अपुरा आहे, हे यावरून लक्षात येते. म्हणूनच मत्स्यस्नेही पंपांच्या रचनेत पात्याच्या आकाराला महत्त्व आले. पात्याची पुढची कड धारदार न ठेवता जाड व गोलसर केली, ती तिरकी वळविली आणि भिंतीलगतची फट अत्यंत कमी केली, तर गाठ पडूनही मासा कापला जात नाही, बाजूला सरकविला जातो. आर्किमिडीजच्या स्क्रूमध्ये गती मुळातच मंद असते. परंतु खुल्या स्क्रूमध्ये तोंडाची कड आणि पन्हाळीलगतची फट धोकादायक ठरते. यावर स्क्रूभोवतीची नळीच त्याच्याबरोबर फिरती ठेवण्याची युक्ती काढण्यात आली. फिरत्या आणि स्थिर भागांमधील फट त्यामुळे नाहीशीच होते.

डच जलमंडळांच्या स्टोवा या संशोधन संस्थेने २०१२ च्या सुमारास २६ प्रकारच्या उपसा यंत्रांची मत्स्यस्नेहाच्या दृष्टीने पाहणी प्रसिद्ध केली. पुढे पंपांची मत्स्यसुरक्षितता ठरविण्याची पद्धत 'नेन ८७७५' या राष्ट्रीय मानकात बांधली गेली.

पाऊस, अंधार आणि ईल

या साऱ्या चर्चेच्या केंद्रस्थानी असलेला लांब मासा म्हणजे युरोपीय ईल. दिसण्यात तो आपल्याकडील वाम माशाप्रमाणे सर्पाकृती असतो. त्याचे प्रजनन अटलांटिक महासागरातील सारगासो समुद्रात होते. हे स्थान डॅनिश शास्त्रज्ञ योहानेस श्मिट यांनी १९२० च्या दशकात अळ्यांच्या आकारावरून निश्चित केले. अळ्या सागरी प्रवाहांबरोबर युरोपच्या किनाऱ्याला लागतात, काचेसारख्या पारदर्शक पिल्लांच्या रूपाने नद्यांत शिरतात, गोड्या पाण्यात अनेक वर्षे वाढतात आणि रुपेरी रंग धारण केल्यावर हजारो किलोमीटरचा परतीचा प्रवास आरंभितात. प्रजनन आयुष्यात एकदाच होते. पंपात मेलेला रुपेरी ईल म्हणजे अनेक वर्षांच्या वाढीनंतर, अंडी घालण्यापूर्वीच गेलेला जीव होय. यातही रुपेरी नर सहसा ४५ सेंटीमीटरपेक्षा लांब नसतो, मादी त्याहून बरीच मोठी असते. वरील गणित पाहता माद्यांना पंपाचा धोका अधिक असतो.

दुसरा योग ऋतूचा आहे. रुपेरी ईल शरद ऋतूत, काळोख्या रात्री, पावसाने प्रवाह वाढला की बाहेर पडतो. त्याच पावसाने पोल्डरमधील पाण्याची पातळी वाढते आणि पंप सुरू होतात. केंद्र नेमके ईलच्या प्रयाणाच्या रात्री पूर्ण क्षमतेने चालते, आणि वाहते पाणी एकाच दिशेने, पंपाच्या तोंडाकडे, जात असते.

१९८० च्या दशकापासून युरोपच्या किनाऱ्यावर येणाऱ्या पिल्लांची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने २००८ मध्ये या प्रजातीचा समावेश अतिसंकटग्रस्त वर्गात केला. ऱ्हासाची कारणे अनेक आहेत. मासेमारी, परजीवी, प्रदूषण आणि सागरी प्रवाहांतील बदल यांचा त्यांत वाटा आहे. सर्व दोष पंपांवर टाकणे शास्त्रीय ठरणार नाही. तथापि वरील कारणांपैकी अभियंत्याच्या हातात असलेले कारण हेच आहे.

बाहेरून आत येण्याचा प्रश्न

पंप कितीही सुरक्षित केला तरी तो पाणी एकाच दिशेने नेतो. वसंतात नदीतून आत येऊ पाहणाऱ्या ईलच्या पिल्लांना आणि काटेरी पाठीच्या लहान स्टिकलबॅक माशांना तो काहीच उपयोगाचा नाही. त्यांच्यासाठी वेगळी वाट लागते. कोठे दोन दारांची कुंडी बांधून माशांना टप्प्याटप्प्याने आत घेतात, कोठे वक्रनलिकेने नदीचे थोडे पाणी बांधावरून आत सोडतात आणि पिल्ले त्याबरोबर येतात. ईलची पिल्ले ओल्या, ब्रशसारख्या पृष्ठभागावरून चढूही शकतात. त्यांच्यासाठी साधा उतारही पुरतो.

येथे बांधाचा अभियंता आणि मत्स्यशास्त्रज्ञ यांच्यात खरा मतभेद उद्भवतो. बांधातून आरपार जाणारी प्रत्येक नळी हा बांधाचा दुर्बळ भाग असतो. तिच्या बाहेरील अंगाने पाणी झिरपून माती वाहून जाऊ शकते, आणि पुराच्या वेळी नळीचे दार अडकले तर नदी आत शिरते. म्हणून अशा प्रत्येक वाटेला एकमेकांवर अवलंबून नसलेली दोन दारे ठेवण्याकडे कल असतो. चालू बांधात नंतर असे छिद्र पाडणे खर्चाचे आणि जोखमीचे असल्याने बांधाच्या नूतनीकरणाच्या आराखड्यातच ते धरले जाणे इष्ट ठरते. मोठ्या मंद पंपालाही हेच लागू आहे. जुन्या पंपगृहाचा चौथरा लहान चाकासाठी बांधलेला असतो. दुप्पट क्षेत्रफळाचे चाक त्यात बसत नाही.

हेच प्रश्न मोठ्या प्रमाणावर आफ्स्लाउटडाइक या ३२ किलोमीटर लांबीच्या बांधावर हाताळले जात आहेत. १९३२ मध्ये पूर्ण झालेल्या या बांधाने ऱ्हाईनची शाखा असलेल्या आयसेल नदीचे मुख समुद्रापासून तोडले आणि तेथील हेरिंग व अँकोव्हीची मासेमारी संपुष्टात आली. त्याच्या नूतनीकरणात डेन उव्हर येथे मत्स्यस्नेही पंपांची योजना आहे. कॉर्नवेर्डरझांड येथे माशांसाठी सुमारे चार किलोमीटर लांबीची, भरती-ओहोटीची कृत्रिम नदी उभारण्याचे कामही हाती घेण्यात आले. एकाच बांधात पंप आणि वाट या दोहोंची तरतूद करावी लागली, ही बाब लक्षणीय आहे.

'मत्स्यस्नेही' या विशेषणाची व्याप्ती

पंपाची चाचणी माशांना आत सोडून आणि पलीकडे त्यांची स्थिती तपासून केली जाते. जो मासा पंपात गेला त्याचे काय झाले, एवढेच त्यातून कळते. कचरा अडविणाऱ्या जाळीपाशी आलेला, आवाजाने किंवा प्रवाहातील बदलाने बिचकून मागे फिरलेला मासा त्या आकड्यात येत नाही. पंप निर्धोक, परंतु त्याच्या दारातून कोणी जातच नाही, अशी स्थितीही संभवते. पंपाचे प्रमाणपत्र आणि केंद्राची प्रत्यक्ष उपयुक्तता या दोन गोष्टी भिन्न मानल्या पाहिजेत.

कायद्यांतही असाच विषमपणा आढळतो. बांधाचे मानक मोजता येते आणि त्याला मुदत आहे. युरोपीय संघाच्या २००७ च्या ११०० क्रमांकाच्या नियमानुसार, मानवी हस्तक्षेप नसता तर जितके रुपेरी ईल समुद्राकडे गेले असते त्यांच्या वजनाच्या किमान ४० टक्के तरी गेले पाहिजेत. ती मूळ अवस्था कोणी मोजलेली नाही, केवळ अंदाजाने ठरविली आहे, आणि उद्दिष्ट गाठण्याचा निश्चित दिनांकही नियमात नाही. इंग्लंड व वेल्समध्ये २००९ च्या ईल नियमांनी पाणी उपसणाऱ्यावरच जाळी किंवा सुरक्षित वाट यांची जबाबदारी टाकण्याचा मार्ग स्वीकारला. नेदरलँड्समध्ये ईलच्या मासेमारीवर सप्टेंबर ते नोव्हेंबर बंदी घालण्यात आली. त्याच तीन महिन्यांत पावसाबरोबर पंप चालू राहिले. जेथे जुने पंप अद्याप बदलले गेले नाहीत, अशा काही ठिकाणी मच्छीमारांनाच केंद्राच्या आतील बाजूस रुपेरी ईल पकडण्याचे काम दिले गेले. ते ईल टाक्यांत भरून बांधापलीकडे नेतात आणि नदीत सोडून देतात.