जंगल परत कसं येतं?

दर पावसाळ्यात आपण रोपं मोजतो. महाराष्ट्रात २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी रोपं लावण्याचे संकल्प सोडले गेले. फोटो निघाले, खड्डे खणले गेले. त्यातली किती जगली यावर वाद झाले आणि पुढेही होत राहतील. त्या वादात मला आज पडायचं नाही. मला सांगायची आहे ती कुणी न लावलेल्या झाडांची गोष्ट. विदर्भात अशी काही गावं आहेत, जिथं जंगल परत आलं आणि त्याच्या मागोमाग माणसांची चूलही पेटती राहिली. हे कसं झालं, ते समजून घेण्यासारखं आहे.

मंडळी, उन्हाळ्यात एखाद्या उघड्या पडलेल्या टेकडीवर जाऊन बघा. दगड, वाळलं गवत आणि मधूनमधून जमिनीलगत तोडलेले काळपट बुडखे. आपण म्हणतो, इथं काही उरलं नाही. पण साग, ऐन, धावडा, पळस, तेंदू या आपल्या रानातल्या झाडांची खोडं तोडली, तरी मुळं सहसा मरत नाहीत. पहिल्या पावसाला बुडख्याला धुमारे फुटतात. नव्या रोपाला आधी मूळ धरायचं असतं, मग वाढायचं असतं. या धुमाऱ्याला जुन्या मुळांचा सगळा पसारा आयता मिळतो, म्हणून तो झपाट्यानं वर येतो. म्हणजे उजाड टेकडीच्या पोटात जंगल असतंच. ते दरवर्षी वर येतं आणि दरवर्षी मारलं जातं. कुऱ्हाड, जनावराचं तोंड आणि वणवा हे त्याचे तीन मारेकरी.

त्यातल्या वणव्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो. आपल्याकडे जंगलाला आग बहुधा आपोआप लागत नाही, ती लावली जाते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं गळू लागली की ती वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. तेंदूच्या कोवळ्या पानांसाठीही तेच होतं. विडीला पान हवं ते ताजं, मऊ, बिनडागाचं. झुडूप छाटलं किंवा जाळलं की नवी पालवी जोरात येते, म्हणून हंगामाच्या आधी रान पेटतं. त्या आगीत बी जळतं, वीतभर उंचीची रोपं जळतात, जमिनीवर घरटं करणाऱ्या पाखरांची अंडी जातात आणि पाचोळ्यातली ओल धरून ठेवणारा थरही जातो. मोठी झाडं उभी राहतात, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला जंगल शाबूत वाटतं. पण खाली पुढची पिढीच नसते.

मग गावकरी हे थांबवत का नव्हते? कारण जंगल त्यांचं राहिलेलंच नव्हतं. जुन्या मध्य प्रांतात गावाला निस्ताराचा हक्क होता. निस्तार म्हणजे सरपण, चराई, घराला लाकूड, कुंपणाला काटे, म्हणजे रोजची गरज भागवण्याचा हक्क. तो कागदावर जिवंत होता, पण गावातल्या माणसाला त्याचा पत्ता नव्हता. लाकडाची मोळी घेऊन येणारी बाई चोर ठरत होती आणि त्याच जंगलातला बांबू दीर्घ मुदतीच्या करारानं कागद कारखान्यांकडे जात होता. ज्या वस्तूला हात लावला की चोर ठरतो, ती वस्तू राखायला कोण जाणार?

हा प्रश्न आधी उलटवला तो गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावानं. १९८०च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टनम या धरणांविरुद्ध तिथं मोठं आंदोलन झालं. ‘जंगल बचाव, मानव बचाव’ ही त्या वेळची हाक होती. धरणं थांबली. आंदोलनं संपली की माणसं घरी जातात. मेंढ्याची माणसं घरी गेली आणि तिथंच पुढचं काम सुरू झालं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही त्यातली महाराष्ट्राला माहीत झालेली नावं. गावात अभ्यासगट बसू लागले. निस्तार म्हणजे काय, कायदा काय सांगतो, मध काढताना मधमाश्या न मारता तो कसा काढता येईल, असे विषय. निर्णय मतदानानं घ्यायचा नाही, सगळ्यांची सहमती होईपर्यंत बसायचं, अशी रीत पडली. फळांसाठी झाड तोडायचं नाही, आग लावायची नाही, गरजेपेक्षा जास्त आणायचं नाही, हे नियम त्या बैठकांतून आले. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा आपण कौतुकानं ऐकतो. पण ती ज्या बैठकांतून निघाली, त्या लांबलचक आणि कंटाळवाण्या असणार, असं मला नेहमी वाटतं. चांगल्या गोष्टी बहुधा तशाच बैठकांतून निघतात.

पुढे वनहक्क कायदा आला. तो २००६ साली संमत झाला आणि ३१ डिसेंबर २००७ पासून लागू झाला. गाव जे जंगल परंपरेनं वापरत आणि राखत आलं आहे, ते राखण्याचा, पुन्हा वाढवण्याचा आणि त्याची व्यवस्था पाहण्याचा हक्क या कायद्यानं ग्रामसभेला दिला. २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हा सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळालेल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक.

हक्क मिळाला, पण बांबू विकता येईना. इथं भाषेचा एक मोठा गमतीचा पेच आहे आणि माझ्यासारख्या शब्दांवर जगणाऱ्या माणसाला तो सोडवत नाही. वनस्पतिशास्त्र सांगतं, बांबू हे गवत आहे. १९२७ चा वन कायदा मात्र ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत बांबूला बसवत होता. झाड म्हटलं की ते इमारती लाकडाच्या रांगेत जातं आणि त्याच्या वाहतुकीचा परवाना वनखात्याकडेच राहतो. वनहक्क कायद्यानं बांबू गौण वनोपजात घातला होता, तरी नाक्यावर जुनाच शब्द चालत होता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. एका शब्दाचा अर्थ लागायला तीन वर्षांहून अधिक काळ गेला. १९२७ च्या व्याख्येतून बांबूचं नाव निघालं ते २०१७ साली, तेही वनाबाहेरच्या बांबूपुरतं.

बांबू महत्त्वाचा का, तेही पाहू. बांबूचं बेट जमिनीखालच्या कंदांनी जोडलेलं असतं. पावसाळ्यात नवे कोंब वर येतात, त्यांनाच आपण वास्ते म्हणतो आणि त्यांची भाजीही करतो. काही आठवड्यांत कोंब पुऱ्या उंचीचा होतो, पण त्याला घट्टपणा यायला दोन-तीन वर्षं लागतात. म्हणून तोडायचा तो बेटातला जुना बांबू. कोवळे आणि काही पक्के बांबू राखायचे, कारण नव्या कोंबांना अन्न पुरवतात तेच. पावसाळ्यात तोड बंद. एवढं पाळलं तर बेट वर्षानुवर्षं देत राहतं. ठेकेदाराचा माणूस मात्र बाहेरून, हातात येईल ते सोपं कापत जातो. त्याला पुढच्या वर्षी याच बेटाकडे यायचं नसतं. ज्याला यायचं असतं तो आतला जुना बांबू काढण्याचा त्रास घेतो.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनं या हिशेबाची पुढची पायरी गाठली. या छोट्या गावाला २०१२ साली सुमारे १,००० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. ग्रामसभा बांबूची तोड स्वतः करू लागली, लिलाव स्वतः करू लागली. गावातच मजुरी मिळाली, विक्रीचे पैसे ग्रामसभेच्या खात्यात आले आणि कामासाठी गाव सोडून जाणं थांबत गेलं. मग गावानं ठरवलं, तेंदूपत्ता तोडायचा नाही.

हा निर्णय ऐकला तेव्हा मी जरा थबकलो. माझं लहानपण कामठीत, विडी वळणाऱ्या बायांच्या मोहल्ल्यात गेलं. तेंदूचं पान मी पाहिलं ते सूप मांडीवर घेतलेल्या बाईच्या हातात, कात्रीनं कापलेलं. त्या पानावर किती घरं चालतात, हे मला कुणी सांगायला नको. आणि जंगलातल्या गावांनाही मे महिन्यात रोख रक्कम देणारं पीक तेच. ते सोडणं म्हणजे हातातले पैसे सोडणं. पाचगावचा हिशेब असा होता की पानासाठी छाटणी होते, आग लागते आणि त्यात बांबूचंही नुकसान होतं; बांबू पुरेसा देत असेल तर पान राहू द्यावं. ज्या गावाकडे बांबू नाही, त्याला हा निर्णय परवडणार नाही आणि त्याला त्याबद्दल बोल लावू नये.

छाटणी थांबली तसं तेंदूचं झुडूप झाड होऊ लागलं आणि त्याला टेंभरं धरली. ती पोरांनी खाल्ली, पाखरांनी खाल्ली. जैवविविधता हा जड शब्द इथं फार सोपा होतो. फळ आलं की खाणारा येतो. बुलबुल, धनेश, अस्वल ही मंडळी फळ एका ठिकाणी खातात आणि बी दुसरीकडे टाकतात. अस्वलाच्या विष्ठेतून रुजलेल्या बोरीला कुणी खड्डा खणलेला नसतो, की तिचा फोटो काढलेला नसतो. पाचगावनं जंगलाचा एक भाग तर कसलीही तोड न करता तसाच राखून ठेवला आहे.

आता कुणी म्हणेल, गडचिरोली-चंद्रपुरात जंगल होतंच. जिथं काहीच नाही तिथलं बोला. तर मेळघाटच्या पायथ्याचं पायविहीर पाहा. अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यातलं हे कोरकूंचं गाव. २०१२ साली त्याला हक्क मिळाला तो जेमतेम १९० हेक्टरांच्या आसपास, आणि तोही बहुतेक उजाड जमिनीवर. इथं नुसतं राखून भागणार नव्हतं. चर खोदून पाणी अडवावं लागलं, घाणेरी (आमच्याकडे तिला रायमुनिया म्हणतात) उपटून काढावी लागली, रोपंही लावावी लागली. रोजगार हमीची मजुरी त्यासाठी कामी आली. म्हणजे लोकांना पैसे मिळाले ते आपलंच रान उभं करण्याचे. या डोंगरात सीताफळ आपोआप वाढतं. एरवी ते व्यापारी सांगेल त्या भावानं टोपलीभर जायचं. गावानं ते निवडून, नीट भरून ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावानं थेट मुंबईला पाठवलं. २०१४ साली पायविहिरीला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळाला.

हे सगळं गोड चित्र नाही. कागदावर हक्क मिळालेली अनेक गावं पुढे काहीच करू शकलेली नाहीत. हिशेब लिहायला माणूस नाही, लिलावात व्यापारी संगनमत करतात, ग्रामसभेला माणसं जमत नाहीत. बांबूला तर आणखी एक शाप आहे. तीसेक-चाळीस वर्षांनी एकदा तो एकाच वेळी फुलतो आणि मरतो. मग नवं रोप पक्कं होईपर्यंत गावानं काय विकायचं?

आणि जंगल परत आलं की त्यात राहणारेही परत येतात. चंद्रपुरात मोहफुलं वेचायला, तेंदू तोडायला गेलेली माणसं वाघाच्या हल्ल्यात मरतात, हे आपण दर उन्हाळ्यात वाचतो. २०२१ साली छत्तीसगडातून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला आणि धानाच्या बांध्या तुडवल्या गेल्या. मोह पहाटे गळतो, अंधारात. उजेड होण्याआधी गेलं तर वाघाची भीती, उशीर केला तर फुलं हरणं-रानडुकरं खाऊन जातात. किती वाजता निघायचं, कुणी कुणाच्या सोबत जायचं, लहान पोरांना न्यायचं की नाही, हे ठरवायला आता त्या गावांतून सभा बसतात.