आवाज ऐकणारी पोरं

पाथर्डीतल्या ओळखीच्या एका मुलाचा प्रवेश परवा एका निवासी शाळेने अडवला. ‘रात्री कुणीतरी मला नावाने हाक मारतं,’ एवढंच तो बोलून गेला होता. शाळेने मनोरुग्ण नसल्याचा दाखला मागितला. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

सत्तर-ऐंशीच्या काळाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पोर असं काही बोललं की दृष्ट काढायची, अंगारा लावायचा, विषय संपला. नव्वदचं दशक मात्र मी याच पाथर्डी तालुक्यात मास्तरकी करत काढलं. दसरा झाला की आईबाप ऊसतोडीला जायचे, पोरं आजीपाशी राहायची. तिसरीतली एक मुलगी पाढे म्हणता म्हणता थांबे आणि दाराशी जाई. आई बोलतेय म्हणे. काय बोलते? ‘वेणी घातली का, विचारते.’

देवऋष्याने करणी ठरवली आणि शेजारच्या विधवेचं नाव घेतलं. त्या बाईला आडावर पाणी भरणं मुश्कील झालं. त्या देवऋष्याला मी आजही माफ केलेलं नाही. 1989 साली अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी राहिली होती. चळवळीतले मित्र धावून आले, बाईची अब्रू वाचली. पण पोरीला त्यांनीही ‘मनाचे खेळ’ म्हणून गप्प केलं. हंगाम संपून आई परतली आणि आवाज थांबला.

पुढे नेदरलँड्सच्या संशोधक सँड्रा एशर यांनी आवाज ऐकणाऱ्या 80 मुलांचा 3 वर्षं पाठपुरावा केला. सुमारे 60 टक्के मुलांचे आवाज थांबले. अनेकांचे आवाज एखाद्या आघातानंतर सुरू झालेले होते. 2012 साली संशोधक इयन केलेहर आणि सहकाऱ्यांनी बरेच अभ्यास एकत्र तपासले. 9 ते 12 वयाच्या सुमारे 17 टक्के मुलांना असे किंवा यासारखे अनुभव येतात, असं त्यांना दिसलं. त्यातल्या बहुतेक पोरांचे हे अनुभव पुढे ओसरतात.

नंतरची वर्षं भराभर गेली. त्या समितीचे संस्थापक नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाल्यावर 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. देवऋषी थोडे दबले. आता मोबाइलवर आजाराचं नाव शोधून आईबाप धास्तावतात.

आवाज धमकावत असेल, हुकूम सोडत असेल, झोप-शाळा सुटत असेल, तर डॉक्टर गाठायलाच हवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 क्रमांकही आहे. बाकीच्यांना कुणीतरी शेजारी बसून विचारायला हवं: कोण बोलतं, काय बोलतं, घरी सध्या कोण आहे? आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या पोरांसाठीची हंगामी वसतिगृहं आईबाप गाव सोडण्याआधी सुरू व्हायला हवीत. पोरं एकटी पडल्यावर दाखले मागून काय उपयोग?