खनिजांची ओळख जपणारे स्वयंसेवी हात

प्रतिनिधी

पुण्याजवळच्या वाघोलीतील दगडखाणींमुळे 'कॅव्हनसाइट' हे निळेभोर खनिज जगभरच्या संग्राहकांना ठाऊक झाले. त्याचा पहिला शोध मात्र अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात लागला आणि १९७३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या घटकांच्या नावांवरून त्याचे नाव पडले.

याच ओरेगॉनमधील हिल्सबोरो गावी 'राइस नॉर्थवेस्ट म्युझियम ऑफ रॉक्स अँड मिनरल्स' आहे. रिचर्ड आणि हेलन राइस या दाम्पत्याने हौसेने जमविलेला संग्रह १९९७ साली त्यांच्याच घरात लोकांसाठी खुला झाला. आज तेथे २० हजारांहून अधिक नमुने आहेत. विनानफा तत्त्वावर चालणाऱ्या या संग्रहालयाला स्वयंसेवकांचा मोठा आधार आहे. दगड तर हजारो वर्षे टिकतो; मग त्याची राखण करायला एवढी माणसे कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल.

चिठ्ठी हरवली की माहिती गेली

खनिजाच्या नमुन्याचे अर्धे मोल त्याच्या सोबतच्या चिठ्ठीत असते. तो कोणत्या खाणीतून, कोणत्या थरातून, कोणत्या वर्षी मिळाला, ही नोंद नसेल तर उरतो तो केवळ शोभेचा दगड. परदेशांतील जुन्या संग्रहांत दख्खनच्या कातळातील झिओलाइटांवर अनेकदा नुसते 'पूना' असे लिहिलेले आढळते. एवढ्या विस्तीर्ण परिसरातील नेमकी जागा त्यावरून कशी कळावी? दगडखाण एकदा बुजली, तिच्यावर इमारती उभ्या राहिल्या, की तेथे पुन्हा जाऊन खातरजमा करता येत नाही. मग संग्रहालयातील नमुना हाच त्या जागेचा एकमेव साक्षीदार ठरतो.

म्हणूनच स्वयंसेवकांचे पहिले काम नोंदणीचे असते. नमुन्याच्या न दिसणाऱ्या बाजूस क्रमांक घालणे, तोच क्रमांक नोंदवहीत व संगणकात चढविणे, छायाचित्र काढणे आणि जुनी चिठ्ठी कितीही जीर्ण असली तरी फेकून न देता नमुन्यासोबत जपणे, ही कामे किचकट व वेळखाऊ असतात. मोजक्या पगारी कर्मचाऱ्यांकडून ती वर्षानुवर्षे रेंगाळतात.

दगडही बिघडतो

खनिजे अविनाशी असतात, हाही गैरसमजच. दमट हवेत पायराइटचे विघटन होऊन गंधकाम्ल तयार होते आणि ते शेजारची चिठ्ठी व खोकेही खाऊन टाकते. लालबुंद रिअल्गारची प्रकाशात पिवळी भुकटी होते. आपल्याकडे सापडणारे लॉमोंटाइट कोरड्या हवेत पाणी गमावून ठिसूळ होते. कपाटांची नियमित पाहणी करून असे बदल वेळीच टिपणारी माणसे त्यासाठी लागतात.

उत्साहाला मर्यादाही हव्यात. ॲस्बेस्टॉससारखी तंतुमय किंवा किरणोत्सारी खनिजे हाताळणे आणि स्फटिक धुणे ही कामे तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हायला हवीत. काही खनिजे तर पाण्यात विरघळतात. शाळकरी मुलांना संग्रह दाखविणे, जुने हस्ताक्षर वाचून मजकूर उतरविणे यांसाठी मात्र भूशास्त्राची पदवी लागत नाही.

या कामाला संघटित रूपही लाभले आहे. १९७० साली अमेरिकेतील ट्युसॉन येथे स्थापन झालेली 'फ्रेंड्स ऑफ मिनरलॉजी' ही संस्था हौशी संग्राहक व अभ्यासक यांना एकत्र आणून नमुन्यांच्या जतनाचा पुरस्कार करते.

महाराष्ट्राला हा विषय दूरचा नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून घडलेल्या कातळाच्या पोकळ्यांत ही स्फटिकसंपदा दडलेली आहे. सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात तिचे वैभव पाहता येते. पण महाविद्यालयांच्या भूशास्त्र विभागांतील कपाटे आणि घरोघरचे हौशी संग्रह हाही याच ठेव्याचा भाग आहे. संग्राहकाच्या पश्चात त्याच्या नमुन्यांची माहिती सांगणारे कोणी उरत नाही. निवृत्त शिक्षक, छायाचित्रकार, विद्यार्थी यांनी आठवड्यातील दोन तास दिले, तरी या दगडांची गावे कागदावर येतील. नमुना जमविणाऱ्याची स्मृती शाबूत आहे, तोवरच हे काम करता येते.