आवणीच्या दिवसांत निर्यातबंदी
20 जुलै 2023. शहापूर-मुरबाडच्या खाचरांत आवणीचे दिवस होते, तेव्हा केंद्राने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. जगाच्या तांदूळ व्यापारात भारताचा वाटा सुमारे 40 टक्के. ऑगस्टमध्ये जागतिक भाव 15 वर्षांच्या उच्चांकावर गेले आणि आफ्रिका-आशियातल्या आयातदार देशांना झळ बसली. बंदी उठली 28 सप्टेंबर 2024 रोजी, तीही आधी टनाला किमान 490 डॉलरच्या अटीवर. पण भात सगळीकडे सारखा पिकत नाही: शहापूरजवळच्या आसनगाव परिसरातला बहुतेक भात पावसावर पिकतो, पंजाबातला कूपनलिकांवर. भूजल न उपसणाऱ्यालाही तीच बंदी, हा अन्यायच होता. बाहेरचा ग्राहक गेल्यावर आधार उरला हमीभावाचा: 2023-24 मध्ये साधारण भाताला क्विंटलमागे 2,183 रुपये.