हलक्या गोळीचा लांब पल्ला

1896च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये जॉन आणि समनर पेन हे अमेरिकन भाऊ पिस्तुलांचा भरगच्च ताफा घेऊन उतरले. लष्करी पिस्तुलाच्या स्पर्धेत जॉन पहिला आला, समनर दुसरा. जलदगती स्पर्धेत मात्र पंचांनी दोघांना बाहेर काढलं. त्यांच्या पॉइंट टू-टू पिस्तुलांचं कॅलिबर म्हणे ‘नेहमीचं’ नव्हतं!

पुढच्या शतकात तेच कॅलिबर नेहमीचं झालं. कागदाला भोक पाडायला ताकद लागते तरी किती? गोळी सुटतानाचा झटका जितका कमी, तितकी नळी लवकर पुढच्या लक्ष्यावर येते. आणि जलदगती प्रकारात पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या झाडायला अखेरच्या फेरीत मिळतात फक्त चार सेकंद. 1936च्या बर्लिन ऑलिंपिकपर्यंत वॉल्थरचं ‘ऑलिंपिया’ पिस्तूल आलं होतं. त्यात टू-टू शॉर्ट हे आखूड काडतूस भरत. सुवर्ण आणि रौप्य दोन्ही जर्मन नेमबाजांनी नेलं.

शॉर्टची गोळी जेमतेम 1.9 ग्रॅमची, तर लाँग रायफल या टू-टूच्याच लांब काडतुसाची सुमारे 2.6 ग्रॅम. पुढे नळीला वायू सोडणारी छिद्रं पाडून उरलासुरला झटकाही जिरवला गेला. जर्मनीचा राल्फ शूमान 1992, 1996 आणि 2004 मध्ये या प्रकारात सुवर्णपदक जिंकला. त्यातलं शेवटचं पदक अथेन्समध्येच, आणि शॉर्टचं ते अखेरचं ऑलिंपिक. 2005पासून लाँग रायफल आणि किमान एक किलो दाब लागणारा ट्रिगर सक्तीचा झाला. लंडनला 2012 मध्ये भारताच्या विजय कुमारनं रौप्य मिळवलं ते या कडक नियमांखाली.

सेंटर फायर या पिस्तुलाच्या दुसऱ्या प्रकाराची गोष्ट अधिक गमतीची. तिथे 7.62 ते 9.65 मिलिमीटरपर्यंत कोणतंही कॅलिबर चालतं. भोकाची कड रेषेला टेकली की वरचा गुण मिळतो; मग मोठं भोक पाडणारं थर्टी-एट का घेऊ नये? कारण शंकास्पद गोळी मोजताना प्रत्येक भोकात 9.65 मिलिमीटरचंच मापक घालतात. मोठ्या गोळीचा फायदा तिथेच संपतो, झटका मात्र उरतो. म्हणून सपाट तोंडाच्या गोळीचं थर्टी-टू एस अँड डब्ल्यू लाँग बहुतेकांच्या हाती दिसू लागलं. हेच काडतूस आपल्याकडच्या सरकारी कारखान्याच्या बत्तीस बोअर रिव्हॉल्व्हरमध्येही चालतं. नियम लिहिणाऱ्यांनी कॅलिबर मोकळं सोडलं आणि मापकानं ते गुपचूप ठरवून टाकलं, हे कौतुकास्पदच.

भारतात सेंटर फायर म्हटलं की आठवतो जसपाल राणा. 2006च्या दोहा आशियाई स्पर्धेत त्यानं या प्रकारात 590 गुणांसह सुवर्ण जिंकलं. टू-टूची बाजू कोल्हापूरच्या राही सरनोबतनं सांभाळली: 2013 मध्ये चांगवनच्या विश्वचषकात सुवर्ण, 2018 मध्ये जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत पुन्हा सुवर्ण. 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये राणाची शिष्या मनू भाकर टू-टूच्या 25 मीटर प्रकारात चौथी आली. तिची दोन्ही कांस्यपदकं एअर पिस्तुलातली, 4.5 मिलिमीटरच्या छर्‍यावर मिळवलेली.