एका घासात किती काय काय!

कोल्हापुरी मिसळीचा घास तोंडात गेला की काय काय घडतं बघा. मटकी मऊ दबते, शेव कुरकुरते, कांदा करकरतो, मसाल्याचा वास घशामागून नाकात चढतो. आणि तिखट ही तर चवच नव्हे! सुमारे ४३ अंशांपुढची उष्णता ओळखणारा एक ग्राहक आपल्या मज्जातंतूंवर असतो. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं त्यालाच चेतवतं आणि मेंदूला वाटतं, तोंड भाजलं. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं १९९७ मध्ये तो शोधला; २०२१ चं नोबेल त्यांना स्पर्शाचे ग्राहक शोधणाऱ्या आर्डेम पॅटापूटियन यांच्यासोबत मिळालं.

एवढ्या सगळ्या खबरांची मेंदू मोट बांधतो आणि आपण म्हणतो, ‘झकास!’ ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असलेल्या अनेक मुलांना मात्र यातल्या काही खबरा फार तीव्रतेनं जाणवतात. वरून कट ओतला की मिनिटभरात शेव मऊ पडते. आपल्याला त्यातच गंमत वाटते. अशा मुलाला मात्र मघाचा पदार्थ आता भलताच झालेला असतो. भाकरी तरी कुठे रोज सारखी असते? कधी कडा जाड, कधी पापुद्रा जास्त खरपूस. पुड्यातलं बिस्किट मात्र आज, उद्या, परवा तेच. म्हणून अनेक मुलं कोरड्या, कुरकुरीत, ठरावीक पदार्थांना धरून बसतात. त्यांना त्यात भरवसा सापडतो.

लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझमची ओळख करून दिली. त्यांतल्या अनेकांच्या खाण्याच्या तक्रारी तान्हेपणापासूनच्या होत्या. २०१३ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा या मुलांत खाण्याच्या अडचणी इतरांच्या पाचपट आढळल्या. वाढ बहुधा ठीक दिसली, पण आहारात कॅल्शियम आणि प्रथिनं कमी निघाली. अंग भरलेलं दिसलं म्हणून निर्धास्त राहू नये, ते यासाठीच.

‘लाडावलाय, उपाशी ठेवा, खाईल आपोआप,’ असा सल्ला घरोघरी मिळतो. तो मानू नका; यातली काही मुलं खरंच उपाशी राहतात. आवडत्या पदार्थात भाजी लपवली आणि ती सापडली, तर तोही पदार्थ हातचा जातो. त्यापेक्षा ओळखीचं खाणं ताटात राहू द्यावं आणि नवा पदार्थ शेजारी चिमूटभर ठेवावा. आज नुसता बघू दे, मग हात लावू दे, वास घेऊ दे, जीभ लावू दे. बद्धकोष्ठता, पित्त, दातदुखी नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. वजन घटलं, घास अडकू लागला किंवा खाण्यातले पदार्थ एकेक करून गळू लागले, तर थांबू नये.

ताट सरकवणारं मूल आपल्याला काहीतरी सांगत असतं: वास, स्पर्श, आवाज, नाहीतर पोटातलं दुखणं. त्यातलं नेमकं काय, हे शोधणं मोठ्यांचं काम. ते सापडलं की जेवणाची वेळ भांडणाची उरत नाही, आणि पुढचा घास तिथूनच शक्य होतो.